बाडी कोथाय? लंडनमधलं पॅलेस्टिनी हॉटेल आणि मुलचेरा रोडवरचा माछ-भात

(भागाचा मजकूर. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि खोकला काढून टाकलाय.)

अहेरीहून बोलतेय. बाहेर पाऊस सुरू आहे, मध्येच लाइट गेली तर आवाज थोडा बदलेल, सांभाळून घ्या.

मागच्या एका भागात मी बोलता बोलता म्हटलं होतं की लंडनच्या वर्षभरात मला सगळ्यात ओळखीचं वाटलेलं हॉटेल इंडियन नव्हतं, पॅलेस्टिनी होतं. त्यावर बरेच मेसेज आले. तिथं काय मिळतं? बिर्याणीसारखं असतं का? व्हेज असतं का? (असतं, भरपूर असतं.) आणि एकाने विचारलं, "ताई, अहेरीच्या माणसाला पॅलेस्टिनी जेवण ओळखीचं कसं काय वाटेल?" हा प्रश्न मला आवडला. आज त्याचंच उत्तर देते. थोडं लांबेल, कारण उत्तर लंडनमध्ये नाही, मुलचेरा रोडवर आहे.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अहेरी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात. बाजूने प्राणहिता वाहते, नदी ओलांडली की तेलंगणा. आमच्या आठवडी बाजारात अर्धा तास फिरलात तर गोंडी-माडिया, तेलुगू, मराठी, हिंदी आणि बंगाली अशा पाच भाषा कानावर पडतात. पहिल्या चार लोकांना समजतात. बंगाली मात्र कोड्यात टाकते. जंगलात, समुद्रापासून इतक्या लांब, बंगाली माणूस माशाची टोपली घेऊन बसलाय, तो आला कुठून?

माझे बाबा काळी-पिवळी चालवायचे. आलापल्लीहून मुलचेऱ्याकडे. सुट्टीत मी पुढच्या सीटवर, त्यांच्या आणि कुणातरी गुरुजींच्या मध्ये कोंबलेली. त्या रस्त्यावर एका फाट्याला एक बंगाली हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी, बाजूला पानठेला. पाटी नव्हती. बाबा गाडी लावायचे आणि म्हणायचे, "खाऊन घे वं, इथं भात मस्त भेटते."

भात, पातळ मसुराची डाळ, आणि रोहू माशाचा रस्सा. मोहरीच्या तेलात. आमच्या घरी मोहरीचं तेल कधी नव्हतं, त्यामुळे तो वास म्हणजे माझ्यासाठी त्या फाट्याचा वास. कधीकधी सुक्या मासळीची चटणीसारखी एक भाजी असायची, शुटकी. ती बाबांनाही जमायची नाही. हॉटेल चालवणारी बाई, सगळे तिला मासी म्हणायचे, ती मात्र शुटकी वाढताना असं काही बघायची की नाही म्हणायची हिंमत व्हायची नाही.

या मासीची एक सवय होती. बंगाली बोलणारा कुणी नवा माणूस आला की पाणी ठेवतानाच विचारायची, "बाडी कोथाय?" म्हणजे घर कुठे. आणि तो माणूस सुंदरनगर किंवा विवेकानंदपूर असं उत्तर द्यायचा नाही, जरी तो तिथेच जन्मला असला तरी. तो म्हणायचा खुलना. बरिसाल. फरीदपूर. मला वाटायचं ही गावं चामोर्शीच्या पुढे कुठेतरी असतील.

पुढे कॉलेजात एका बंगाली मैत्रिणीने सांगितलं की पूर्व बंगालच्या बोलीत घराला दोन शब्द आहेत. एक बाशा, दुसरा बाडी. बाशा म्हणजे तुम्ही आता राहता ते, आपल्याकडे बिऱ्हाड म्हणतात ना, तसं. आणि बाडी म्हणजे जिथून तुमचं कूळ आलं ते. बाशा बदलते. बाडी बदलत नाही. म्हणजे मुलचेऱ्यात स्वतःच्या हाताने बांधलेलं, शेणाने सारवलेलं, लाइट बिल भरणारं घर ही झाली बाशा. आणि जिथे आता जाताच येत नाही, ती बाडी.

हे लोक इथे कसे आले, ते थोडक्यात. १९४७ मध्ये बंगालची फाळणी झाली, पूर्वेचा भाग पाकिस्तानात गेला. सगळे हिंदू तेव्हाच निघाले नाहीत. शेतकरी, मच्छीमार, गरीब माणसं, ज्यांच्याकडे शहरात जाण्याचे पैसे नव्हते, ती मागे राहिली. त्यात नमशूद्र समाज मोठा. १९६४ मध्ये खुलना, ढाका भागात दंगली झाल्या आणि मग मोठी लाट निघाली. पश्चिम बंगाल म्हणालं, आमच्याकडे आता जागा नाही. केंद्र सरकारने १९५८ मध्येच दंडकारण्य प्रकल्प काढला होता, बस्तर आणि कोरापुटच्या जंगलात निर्वासितांना वसवायला. रायपूरजवळ माना इथे मोठी छावणी होती. तिथून माणसं पुढे पाठवली जायची. त्यातली काही तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आली. गडचिरोली जिल्हा व्हायला तेव्हा बराच वेळ होता, तो १९८२ चा. आज मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यात सुंदरनगर, देशबंधुग्राम, सुभाषग्राम अशी गावं दिसतात, ती त्यांची. चंद्रपूर शहरात तर एका अख्ख्या भागाचं नावच बंगाली कॅम्प आहे. रिक्षावाल्याला सांगा, बरोबर नेईल.

विचार करा, ज्यांच्या दारात होडी बांधलेली असायची त्यांना सागाच्या जंगलात आणून सोडलं. नदी म्हणजे रस्ता, असं ज्यांचं जग, त्यांना तेंदूपत्ता आणि मोह. त्यांनी काय केलं? तळी खोदली. बोड्यांमध्ये मासे सोडले. रोहू, कतला वाढवले. आमच्या बाजारात भाजी आणि मासळीच्या ओळीत आज जे बंगाली दिसतात, त्यामागे ही गोष्ट आहे.

एक मासा मात्र त्यांना तळ्यात वाढवता येत नाही, इलिश. बंगाल्यांचा जीव की प्राण. तो समुद्रातून नदीत वर चढतो, अंडी घालायला. आणि आता ऐका. हाच मासा गोदावरीतही चढतो. आंध्रात त्याला पुलस म्हणतात, राजमहेंद्रीला पावसाळ्यात त्याच्यासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. आमची प्राणहिता गोदावरीलाच मिळते. म्हणजे आमच्या घाटावरचं पाणी इलिशपर्यंत जातं, पण इलिश आमच्यापर्यंत येत नाही. खाली धवळेश्वरमला बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला, १८५२ मध्ये पूर्ण झालेला. माशाची वाट तिथे अडते. हे मी मासीला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताले आर की होबे," मग काय होणार आता, आणि रोहूचा तुकडा वाढला.

आता लंडन.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी एक वर्षाच्या मास्टर्ससाठी गेले. स्कॉलरशिपवर. पहिले चार महिने मॅगी, अंडी आणि ऑफरमधला ब्रेड. जानेवारीत एका संध्याकाळी बस चुकली, पाऊस होता, आणि एका गल्लीत छोटं हॉटेल दिसलं. सहा टेबलं. दुकानाचं नाव सांगत नाही, मालकाला विचारलेलं नाही. आत शिरले ते फक्त गरम हवेसाठी. मेन्यूत सगळ्यात स्वस्त काय ते बघितलं, दहा पाउंडांच्या आत. मनात लगेच हिशेब, हजार रुपये! अहेरीत हजारात सहा जण जेवतील.

काउंटरवरचे काका साठीचे असतील. त्यांनी विचारलं, कुठली तू? मी म्हटलं, इंडिया. ते म्हणाले, इंडियात कुठे? मी म्हटलं, महाराष्ट्र. ते म्हणाले, महाराष्ट्रात कुठे? लंडनमध्ये इतकं खोलात कुणी विचारत नाही. मुंबई म्हटलं की लोक थांबतात. मी शेवटी अहेरी म्हटलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग मी विचारलं, तुम्ही कुठले? तर म्हणाले, तरशिहा.

फोनवर शोधलं. तरशिहा गॅलिलीच्या डोंगरात, आज इस्रायलमध्ये. काका तिथे एक दिवसही राहिलेले नव्हते. जन्म बैरूतजवळच्या बुर्ज अल-बराजनेह छावणीत. आईवडील १९४८ मध्ये तरशिहातून निघालेले. लंडनमध्ये तीस वर्षं झालेली, मुलं इंग्रजीत भांडणारी. पण गाव विचारलं की तरशिहा.

मला लगेच मासी आठवली. बाडी कोथाय?

त्या दिवशी मी मुसाखान खाल्लं. जाडसर भाकरीसारखी रोटी, वर ऑलिव्ह तेलात हळूहळू मऊ केलेला ढीगभर कांदा, कोंबडी, आणि सुमाक नावाची आंबट लाल पूड. आपल्याकडे आंबटपणाला चिंच, आमसूल, तसं तिकडे सुमाक. हाताने खायचं. हाताने! मी चार महिन्यांनी चारचौघांत हाताने जेवले. पुढच्या वेळी मकलूबा. मकलूबा म्हणजे उलटवलेलं. भांड्यात खाली वांगी किंवा फुलकोबी, मग मांस, मग तांदूळ, आणि शिजल्यावर भांडं सगळ्यांसमोर परातीत पालथं घालायचं. ते नीट सुटलं की टेबलावरचे लोक टाळ्या वाजवतात. ज्याने बिर्याणीसारखं असतं का विचारलं होतं, त्याला उत्तर: वासात थोडं, स्वभावात नाही. मसाला शांत असतो.

शुक्रवारी तिथे एक खास पदार्थ असायचा, रुम्मानिया. वांगी, मसूर आणि डाळिंबाचा रस. वांगी आणि मसूर! विदर्भाच्या पोरीला अजून काय पाहिजे? हा पदार्थ गाझाचा म्हणून ओळखला जातो. गाझाची चव बाकी पॅलेस्टाइनपेक्षा तिखट, त्यात मिरची आणि शेपूचं बी असतं. आणि गाझातली बहुसंख्य माणसं मुळात गाझाची नाहीतच, १९४८ मध्ये याफा, लिद्द आणि आजूबाजूच्या गावांतून तिथे ढकलल्या गेलेल्या कुटुंबांची आहेत. ताटात चवी एकत्र आल्या त्या अशा.

तारखा बघा जरा. आपली फाळणी ऑगस्ट १९४७. संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव झाला २९ नोव्हेंबर १९४७ ला. साडेतीन महिन्यांचं अंतर. दोन्हीकडून निघणारं सरकार एकच, इंग्रजांचं. भारताने त्या ठरावाच्या विरोधात मत दिलं होतं. नंतरच्या युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी बेघर झाले. त्याला ते नकबा म्हणतात, म्हणजे अरिष्ट. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. इथे आलेल्यांना भारताचं नागरिकत्व, मत, रेशन कार्ड मिळण्याचा रस्ता तरी होता. लेबनॉनच्या छावणीत जन्मलेल्या काकांना तेही नव्हतं. पण ताटात जे होतं ते मला वाचता येत होतं, कारण तसं एक ताट मी लहानपणी वाचलेलं होतं.

अशा हॉटेलच्या मेन्यूत एक गोष्ट बघायची, नसलेला पदार्थ. मासीकडे इलिश नव्हता. काकांना विचारलं, तुमच्याकडे काय नाही? म्हणाले, अक्कूब. ही काट्यांची रानभाजी. वसंतात डोंगरावर उगवते, काटे सोलता सोलता बायकांचे तास जातात, चव म्हणे आर्टिचोकसारखी. मी आर्टिचोकही खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे उपयोग शून्य. तेव्हाच, २०२३ मध्ये, लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये बेथलेहेमचे शेफ फादी कत्तान यांनी मोठं रेस्टॉरंट उघडलं आणि नावच ठेवलं अक्कूब. मी बाहेरून मेन्यूतले आकडे बघून परत आले.

तर अक्कूब का नाही मिळत? काकांनी जे सांगितलं ते ऐकून मी चमच्यासकट थांबले. इस्रायलने १९७७ मध्ये रानातलं झातर, म्हणजे त्यांच्याकडची ओव्यासारख्या वासाची पानं, संरक्षित वनस्पती ठरवली. २००५ मध्ये अक्कूब. पर्यावरणासाठी, असं कारण. डोंगरावर भाजी खुडणाऱ्या पॅलेस्टिनी म्हाताऱ्यांना दंड, कोर्टात केसेस. वकिलांनी बरीच वर्षं लढल्यावर २०२० च्या सुमारास घरच्यापुरतं थोडं खुडायला मोकळीक मिळाली. जुमाना मन्ना या दिग्दर्शिकेची २०२२ ची 'फोरेजर्स' नावाची फिल्म याच विषयावर आहे. मिळाली तर बघा.

आता हे गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, तरोट्याची भाजी, हे सगळं जंगलातून येतं. आणि जंगलातून काही आणताना पाठीमागे गार्डची शिट्टी, हे आमच्या आज्यांनी भोगलंय. वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना हातात यायला २०११ उजाडलं. मी काकांना हे सांगितलं. तुटक्या इंग्रजीत, बांबूचा कोंब हाताने दाखवत. ते म्हणाले, "बिन्ती," म्हणजे पोरी, "तुमच्याकडेही भाजीला परवाना लागतो?" आणि इतके हसले की आतून स्वयंपाकी बघायला आला.

इथे मला एक अवघड गोष्टही बोलायची आहे. नाहीतर तुम्हाला वाटेल की निर्वासित आले, मासे वाढवले, सगळे गोड झाले. बंगाली कुटुंबांना जिथे वसवलं ती जमीन रिकामी नव्हती. सरकारी कागदावर ते पडीक जंगल असेल. माडिया-गोंडांसाठी ते मोहाचं रान होतं, देवाची जागा होती, गुरं चरायची वाट होती. त्यांना कुणी विचारलं नाही. ट्रकमधून उतरणाऱ्या बंगाल्यालाही कुणी विचारलं नाही की तुला इथे यायचंय का. दोघांनाही न विचारणारा एकच होता, तो दिल्ली-मुंबईत बसला होता. पण भांडण कुणाचं कुणाशी होतं, तर बाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांचं. "ते बाहेरचे" हे वाक्य आमच्याकडे अजून ऐकू येतं. साठ वर्षं होत आली तरी.

आणि हे वाक्य कागदावरही आहे. नमशूद्र जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे तीच माणसं कोलकात्याला उतरून थांबली असती तर त्यांच्या नातवंडांना दाखला मिळाला असता. सरकारने त्यांना पुढे आमच्या जंगलात पाठवलं, म्हणून नाही. माझ्या त्या मैत्रिणीने बारावीनंतर फीचा आकडा पाहिला आणि बीएला गेली. मला ज्या स्कॉलरशिपने लंडनला पाठवलं, तिचा फॉर्म तिला भरताच आला नसता. मार्क तिचे माझ्यापेक्षा जास्त होते.

यात अजून एक गाठ आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर पहिल्यांदा निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. त्यासाठी झटले जोगेंद्रनाथ मंडल, बरिसालचे नमशूद्र नेते. फाळणीने ती जागा गेली, मग बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. ज्या समाजाने बाबासाहेबांना तिथे पोचवलं, त्याच समाजाची पोरं आज बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची मागणी घेऊन तहसीलमध्ये चकरा मारतात. मी यावर काही जास्त बोलत नाही. तुम्हीच बघा.

लंडनच्या त्या दुकानाचं इन्स्टा पेज मी अजून फॉलो करते. मी सप्टेंबर २०२३ मध्ये परत आले, ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं. दर शुक्रवारी पेजवर एकच फोटो यायचा, रुम्मानियाचा, आणि खाली फक्त "आज आहे". २२ ऑगस्ट २०२५ ला संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या आयपीसीने गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर केला. तो शुक्रवारच होता. त्या दिवशी फोटो आला नाही. पुढच्या शुक्रवारी आला.

मासीचं हॉटेल आता तिची सून चालवते. टिनाच्या जागी पत्रे नवे आहेत, फोनपेचा स्कॅनर लागलाय, आवाज करतो, "पैसे प्राप्त झाले". मासी आत बसते. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा तिला फोनवर मकलूबा पालथा घालतानाचा व्हिडिओ दाखवला. तिने तीनदा बघितला. मग विचारलं, यांची बाडी कोथाय? मी म्हटलं, तरशिहा. तिने मान हलवली, जसं काही तिला बसस्टँड माहीत आहे. सुनेला म्हणाली, हिला शुटकी वाढ.

महाराष्ट्रात अशी ताटं अजून आहेत. उल्हासनगरमध्ये सिंधी कुटुंबं फाळणीनंतर लष्करी छावणीत उतरली, आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात, आणि सकाळी दाल-पकवान. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या कुणी हे ऐकत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची चालेल. तुमच्या घरात कोणता पदार्थ आहे ज्याचं सामान इथे मिळत नाही, आणि त्याच्या जागी तुमची आजी काय घालायची, एवढंच सांगा. बंगाली, सिंधी, तिबेटी, ज्या भाषेत बोलता त्या भाषेत बोला, मी कुणाकडून तरी समजून घेईन. चांगल्या नोंदी पुढच्या भागात ऐकवते.

आणि मुलचेरा रोडला येणार असाल तर दुपारी एकच्या आत या. दीडला मासे संपतात.